न दिलेला शब्द

वैशाखी पौर्णिमेची वंदना झाली, खीर वाटून झाली, तरी लोक समाजमंदिरापुढच्या पिंपळाखालून उठेनात. सगळ्यांचे डोळे लिंबाजी वाव्हळ्यांकडे लागले होते. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि बाभूळखेड्याच्या बौद्ध वस्तीची रीत ठरलेली होती. लिंबाजी एक नाव सांगायचे आणि वस्ती एकजात त्या नावावर शिक्का मारून यायची. वस्तीकडे ना शेती होती ना पैसा. एकगठ्ठा मत तेवढं होतं, आणि ते लिंबाजींच्या जिभेवर होतं. म्हणून तर गावातले मोठे लोक निवडणूक आली की नाला ओलांडून इकडे यायचे.

लिंबाजी उठले. घसा खाकरून म्हणाले, “घरी जा समदे. यंदा म्या नाव सांगनार न्हाई. ज्याला जे पटंल ते त्यानं करावं.”

लोकांना आधी वाटलं म्हातारा मस्करी करायलाय. मग कुणीतरी विचारलं, “बाबा, आजून ठरलं न्हाई का?”

“ठरलंय. न्हाई सांगायचं, हेच ठरलंय.”

आणि ते काठी टेकत घराकडे चालू लागले. त्यांच्या मागून थोरला सिताराम धावत निघाला, त्याच्या मागून धाकटा नागनाथ. नागनाथ परभणीत एका कचेरीत कारकून होता, पौर्णिमेसाठी सकाळच्या यष्टीनं आला होता. लोक बराच वेळ पिंपळाखाली नुसतेच बसून राहिले.

घरी पोचल्यावर लिंबाजी बाजेवर आडवे झाले. सितारामनं विचारलं, “बा, तब्येत बरी न्हाई का?”

“तब्येतीला काय झालंय? कटाळा आलाय.”

खरंच तेवढंच होतं. निजामाचं राज गेलं तेव्हापासून लिंबाजी मत टाकत आले होते. दर खेपेला कुणीतरी हात जोडून दारात यायचं. दर खेपेला दोघांतला कमी वाईट कोण ते शोधायचं, आणि पुढं त्या कमी वाईटानं जे केलं ते पाच वर्षं मुकाट सोसायचं. गावातल्या अप्पारावला पंचायत समितीवर पाठवला तो लिंबाजींच्याच शब्दावर. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ पडला.

त्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जायचं. मजुरांच्या लेकरांसाठी सरकारची सुकडी, गोडसर पौष्टिक पीठ, ट्रकनं यायची. वाटायचं काम अप्पारावच्या माणसांकडे होतं. पोती आल्याआल्या अंधारात दुसऱ्या गाडीत चढायची आणि बाजारात जायची. उरलेली, आंबूस वास येणारी सुकडी लेकरांच्या हातावर पडायची, तीही पडली तर. सितारामची बायको केशरबाई तेव्हा वर्षाच्या आतल्या लेकीला, विमलला, पाठीशी बांधून कामावर जायची. अंगावरचं दूध आटलं होतं. उन्हाळा संपायच्या आत विमल गेली. त्यानंतर केशरबाईला मूल झालं नाही.

तोच अप्पाराव आता जिल्हा परिषदेला उभा होता, शिडी निशाणीवर. समोर तराजू घेऊन अनंतराव गुरुजी. गुरुजींनी तरुणपणी रझाकारांच्या विरुद्ध काम केलेलं, पुढं आयुष्यभर हायस्कुलात शिकवलं, कुणाच्या पैला हात लावला नाही. घराला अजून मातीच्या भिंती. असा माणूस उभा राहिल्यावर निवड सोपी असायला हवी होती.

पण मधे मागचं वर्ष होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. बाभूळखेड्यात मारुतीच्या पारावर नावाच्या विरोधात सभा झाली, तिचे अध्यक्ष गुरुजी होते. सभेनंतर गावानं वस्तीला काम देणं बंद केलं, गिरणीवाला दळण घेईना. आणि एका संध्याकाळी आसपासच्या गावांतून जमाव आला तेव्हा गुरुजींच्या घराचं दार बंद होतं. अप्पारावनं मात्र नाल्यावरच्या वाटेत आपली जीप आडवी लावली आणि मांडीवर बंदूक घेऊन टपावर जाऊन बसला. जमाव शिव्या देत परत गेला. वस्ती वाचली.

“आता बोला तरी,” सिताराम म्हणाला. “समदी वस्ती आपल्या घराकडं बगायलीय.”

“तूच बोल की. तुला पटतंय ते सांग,” लिंबाजी डोळे मिटून म्हणाले.

“मला इचारता तर आप्पाराव. गायरानाचे पट्टे नावावर करून देतो म्हनलाय. किती साल आपुन ती जिमीन कसायलोय, उद्या कुनी हुसकून लावलं तर?”

नागनाथला हसू आलं. “भाऊ, मागच्या खेपेलाबी त्यो हेच म्हनला व्हता.”

“मंग गुरुजी देतेन का पट्टे?”

“देतेन का न्हाई ते म्हाईत न्हाई. पर तुझ्या पोटातलं काढून घेनार न्हाईत. येक तरी मानूस तिथं असा बसू दे ना, ज्यानं खाल्लं न्हाई.”

“तुझे गुरुजी हायत म्हनून तू बोलायलास.”

“हायतच माहे गुरुजी.” नागनाथचा आवाज चढला. “मला पुढच्या बाकावर बसवलं तवा गाव शाळंवर आलं व्हतं. गुरुजी म्हनले, तुमची पोरं काढून न्या, हा हितंच बसंल. ते मी इसरू का?”

चुलीपाशी केशरबाई भाकरी थापत होती. तिच्याजवळ नणंद मालनबाई वांगी चिरत बसली होती. मालनबाईचं सासरचं घर मागच्या वर्षी जळालं होतं. नवरा काम बघायला पुण्याकडे गेला तो अजून तिकडेच होता, आणि ती पोरगी प्रभाला घेऊन माहेरी राहत होती. नागनाथचं बोलणं ऐकून तिनं विळी बाजूला सारली.

“नागू, माह्या सासरच्या गावात समदे इमानदारच व्हते बरं,” ती म्हणाली. “कुनी कुनाचं खाल्लेलं न्हाई. रोज सांजच्याला देवळात भजन म्हनायचे. आमच्या घरावर घासलेट टाकताना त्यातल्या येकाचाबी हात थरथरला न्हाई. म्या प्रभाला काखंत घेऊन ज्वारीत लपले व्हते, म्या बगितलंय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मला चोर चालतो. त्यानं समदा तालुका खाऊ दे. माही पोर हितं छपराखाली निजती ते त्याच्यामुळं.”

 एकेकाची नजर नकळत केशरबाईकडे वळली. मालनबाईच्याही ते ध्यानात आलं आणि तिनं मान खाली घातली. केशरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मग कळशी उचलली आणि पाण्याला निघून गेली. हंडा भरलेलाच होता.

“तिच्यापुढं ह्यो इषय नको व्हता,” सिताराम हळू आवाजात म्हणाला.

“तुमी काढलात,” मालनबाई म्हणाली.

लिंबाजींनी कूस बदलली. “म्हनून म्या नाव सांगत न्हाई,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “कोनतंबी घेतलं तरी ह्याच घरातल्या येकाच्या उरावर पाय ठिवावा लागतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथ गुरुजींना घेऊन आला. त्यानं कचेरीत एक दिवसाची सुटी वाढवली होती. गुरुजी आपल्या तोंडानं चार शब्द बोलले की घरातलं सगळं जागेवर येईल, असा त्याचा भरवसा होता.

गुरुजी बाजेवर बसले. अंगात खादीचा सदरा, बगलेला शिवण उसवलेली. केशरबाईनं तांब्या पुढं केला. गुरुजींनी तो घेतला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पाणी प्यायले. ह्या घरात ते पहिल्यांदाच पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवताना आपल्याकडे सगळे बघतायत हे त्यांना जाणवलं आणि ते थोडे ओशाळले.

“लिंबाजीराव, मी मत मागायला आलोय,” ते म्हणाले. “माझ्याकडे द्यायला काही नाही. तिथं गेलो तर हिशेब नीट ठेवीन, एवढंच.”

“तुमच्या नेकीबद्दल कुनाला शंका न्हाई गुरुजी,” लिंबाजी म्हणाले. नावापुढं आज पहिल्यांदाच लागलेलं ‘राव’ त्यांनी ऐकून सोडून दिलं.

“मागच्या वर्षीचं तुमच्या मनात असणार.” गुरुजींनी हात मांड्यांवर ठेवले. “मी नावाला विरोध केला. माणसांना नाही. पारावर मी एकही वाईट शब्द बोललो नव्हतो, नागनाथला विचारा.”

नागनाथनं मान हलवली. ते खरं होतं.

केशरबाई दारात उभी होती. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती कधी पडायची नाही. आज पडली.

“गुरुजी, गिरनी बंद झाली तवा तुमी गावातच व्हता?”

“होतो.”

“गिरनीवाला तुमच्या हाताखाली शिकलाय म्हनं.”

“हो. चांगला विद्यार्थी होता.”

“त्याला येक शब्द बोलला असता तर त्यानं ऐकलं असतं का?”

 खोटं बोलायची गुरुजींना सवय नव्हती, आणि आता ती लावून घ्यायचं वयही राहिलं नव्हतं. “ऐकलं असतं,” ते म्हणाले.

“आमी पावसाळाभर जात्यावर दळलं. मालनबाईच्या हातांला फोड आले व्हते.”

“मला वाटलं, चार दिवसांनी आपोआप निवळेल. आणि...” गुरुजींनी नागनाथकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. “आणि मी मधे पडलो असतो तर गाव माझ्याकडेही त्याच नजरेनं बघायला लागलं असतं. ते मला झेपलं नसतं. चूक झाली बाई. मला माहीत आहे.”

 म्हाताऱ्या माणसानं आपल्या ओसरीत बसून असं बोलावं हे कुणाला अपेक्षित नव्हतं.  नागनाथ पुढं सरकला.

“गुरुजी, उद्या चावडीपुढं तुमची सभा हाय. एवढंच तिथं बोला. गिरणी बंद ठेवली ती चूक झाली, एवढं एक वाक्य. मग वस्तीतलं एकूणएक मत मी स्वतः फिरून तुम्हाला आणून देतो.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले.

“उद्या नको,” ते म्हणाले. “निवडून आल्यावर बोलेन.”

“उद्या का नको?”

“अरे, तिकडची मतं जातील, नागनाथ.”

नागनाथ गुरुजींकडे बघत राहिला. ह्या माणसानं एकेकाळी सगळ्या गावाला ‘पोरं काढून न्या’ म्हणून सुनावलं होतं. तेव्हा त्याला काही मागायचं नव्हतं. आता मागायचं होतं, आणि मागता मागता तोही बेरजा करायला शिकला होता.

त्यानं गुरुजींना नाल्यापर्यंत पोचवलं.  नाल्यावर गुरुजी थांबले. “तू तरी समजून घे,” ते म्हणाले.

“समजतंय गुरुजी,” नागनाथ म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याचंच त्याला वाईट वाटत होतं. परत आल्यावर त्यानं पिशवी भरली आणि कुणाशी न बोलता दुपारच्या यष्टीनं परभणीला निघून गेला. मतदानाला येतो, एवढं फक्त मालनबाईला सांगितलं.

अप्पाराव आला तो उन्हं कलल्यावर, गायरानात. केशरबाई आणि सिताराम कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावत होते. जीप धुरळा उडवत बांधापाशी थांबली. अप्पाराव खाली उतरला. मागच्या बाकावरची माणसं त्यानं हातानंच बसवून ठेवली. अंगानं तो सुटला होता आणि उतरताना गुडघा धरत होता.

“काय सिताराम, म्हातारबा रुसले म्हनं?”

“रुसले न्हाईत. थकलेत,” सिताराम म्हणाला.

“त्यांना म्हनावं, येक शब्द टाका. पट्ट्याचं माह्याकडं लागलं.”

“सांगतो की.”

केशरबाईनं हातातली पऱ्हाटी खाली टाकली आणि पदर खोचून पुढं आली.  हा माणूस समोर आला तर काय बोलायचं ते तिनं कितीदा तरी मनात म्हटलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

“आप्पाराव, येक इचारते. दुष्काळातली सुकडी कुटं गेली?”

“अगं...” सितारामनं तिचा दंड धरला. तिनं सोडवून घेतला.

अप्पाराव हसला. “कोन म्हनतं ते? इरोधकांनी उठवलंय समदं.”

“म्या म्हनते. माही पोर गेली त्यात.”

अप्पारावचं हसू हळूहळू विरलं. त्यानं जीपकडे बघितलं, माणसं ऐकण्याच्या अंतरात नव्हती. डोक्यावरची टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं.

“केवढी व्हती?”

“भित धरून हुबी राहायची. पाय टाकायच्या बेतात व्हती.”

अप्पाराव खाली बघत राहिला. शेवटी म्हणाला, “खाल्ली. तुह्यापुढं खोटं कशाला बोलू? वरून खालपतूर समदेच खात व्हते, म्याबी खाल्ली. तवा वाटायचं, पोत्यातलं मूठभर गेलं तर कोन मरतंय.” त्यानं सितारामकडे बघितलं. “तू कदी बोलला न्हाईस रं.”

 सिताराम दुसरीकडे बघायला लागला.

“माफी मागितली तर देशील का?” अप्पारावनं केशरबाईला विचारलं.

“न्हाई.”

“मंग मागत न्हाई.” त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. “पर येक सांगतो. मागच्यावानी जमाव पुन्यांदा आला तर पुन्यांदा जीप आडवी लावीन. तुमच्यावर लय माया हाय म्हनून न्हाई. तुमची वस्ती उठली तर मला तालुक्यात कोन इचारतंय? ह्यो शब्द खरा धर.”

“आन् सुकडी पुन्यांदा आली तर?”

अप्पाराव जीपमधे चढून बसला. गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं बाहेर डोकं काढलं. “ते तवाचं तवा बगू,” तो म्हणाला.

जीप गेली. धुरळा खाली बसेपर्यंत दोघं उभे राहिले. केशरबाईला वाटलं होतं, विचारल्यावर काहीतरी हलकं होईल. उलट आता आणखीच अवघड झालं होतं. ह्या माणसाला शिव्या देणं सोपं होतं. तो खरं बोलल्यावर त्याचं काय करायचं ते तिला कळेना. आणि जीप आडवी लावीन म्हणाला त्यावर तिचा विश्वास बसला होता, ह्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

“तू आसं इचारायला नको व्हतं,” सिताराम म्हणाला.

“तुमी इचारायला पायजे व्हतं,” ती म्हणाली आणि पऱ्हाट्यांकडे वळली.

तिच्या पाठीकडे बघत सिताराम तसाच उभा राहिला. विमलला त्यानंच नेऊन पुरलं होतं, नाल्याच्या पलीकडे. त्यानंतर पुढच्याच आठवड्यात तो अप्पारावच्याच कामावर खडी फोडायला गेला होता, कारण दुसरं काम नव्हतं. त्याबद्दल नवराबायको कधी बोलले नव्हते.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं दोन रांगा लागल्या, बायांची एक आणि गड्यांची एक. वस्तीतले लोक घोळक्यानं आले खरे, पण पहिल्यांदाच कुठलं नाव मनात घेऊन आत जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. काहीजण अजूनही लिंबाजींच्या तोंडाकडे बघत होते. कुठं भुवई उडते का, हाताचं बोट हलतं का. लिंबाजी सगळ्यांना जयभीम घालत होते आणि जमिनीकडे बघत होते. अप्पारावची माणसं शिडी शिडी म्हणून कानाशी लागत होती. पलीकडे चिंचेखाली गुरुजी एकटेच खुर्चीवर बसले होते. चावडीपुढच्या सभेत ते हिशेबाबद्दल आणि चारित्र्याबद्दल बोलले होते. गिरणीबद्दल बोलले नव्हते.

नागनाथ सकाळच्या यष्टीनं आला, मत टाकलं आणि बापाशेजारी येऊन बसला.

“बा, मी कोरीच टाकली,” तो म्हणाला. “दोघांवरबी शिक्का उठेना.”

“कोरी टाकली म्हंजे आमच्यावर टाकली,” लिंबाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तू परभनीला जाशील बाबा. जो येईल त्याच्यासंगं आमाला ऱ्हायचंय.”

नागनाथच्या कानशिलांना झोंबलं. “मग तुम्ही नाव का सांगितलं न्हाई?”

“तुला समजत न्हाई का? म्याबी तेच केलं की. तू कागद कोरा टाकलास, म्या शब्द कोरा टाकला.” लिंबाजींनी काठीनं मातीत एक रेघ ओढली आणि पायानं पुसली. “आत जाऊन शिक्का तर मारला. कुठं मारला ते तुला सांगत न्हाई, मलाच सांगवत न्हाई.”

सिताराम गड्यांच्या रांगेतून लवकर बाहेर आला आणि फाटकापाशी बायकोची वाट बघत थांबला. केशरबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी आली तेव्हा तिच्या बोटाची शाई अजून ओली होती. मालनबाई तिच्या मागोमाग होती. घरी जाताना तिघंही पावसाबद्दल बोलले.

मोजणी परभणीत झाली. थोडक्या मतांनी अप्पाराव निवडून आला. बातमी दुपारी गावात पोचली आणि उन्हातच मिरवणूक निघाली. हलगी, ताशा, गुलालाची पोती. वस्तीची मतं फुटली असं सगळे म्हणत होते. किती इकडे आणि किती तिकडे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि लोक एकमेकांकडे जरा जपूनच बघत होते. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालनबाई प्रभाला घेऊन नाल्यापाशी मिरवणूक बघायला गेली होती. लिंबाजी बाजेवर झोपले होते, की झोपल्यासारखे पडले होते.

केशरबाई चुलीपाशी होती. सिताराम उंबऱ्यावर टेकून बसला होता.

“जात न्हाई का?” तिनं विचारलं. “तुमचाच मानूस आला.”

 हलगी जवळ येत होती.

“म्या त्याला दिलं न्हाई,” तो म्हणाला.

केशरबाईनं पिठातले हात थांबवले.

“आत गेलो. शिडीवर शिक्का नेला. पर हात खाली जाईना. तू गायरानात इचारलंस ते...” त्याला पुढचं जमेना. “मला वाटलं, तू तर त्याला देनार न्हाईस. ह्या घरातून तुह्या येकटीचं मत तसं पडू ने. म्हनून तराजूवर मारला.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हाताला लागलेलं पीठ सुकायला लागलं तरी तिला भान नव्हतं.

“म्या दिलं,” ती म्हणाली.

“कुनाला?”

“त्यालाच. शिडीला.”

सितारामनं वळून बघितलं.

“आदल्या राती प्रभा माह्या कुशीत निजली व्हती,” केशरबाई म्हणाली. “झोपंत दचकली. घासलेटाचा वास येतुया म्हनली. वरीस झालं तरी तिला वास येतो. म्या म्हनलं, माही तर गेली. आता तिला कुनी काय करू शकत न्हाई. हिला करू शकतेत.” तिनं सुकलेलं पीठ बोटांवरून खरवडलं. “तुमाला पट्टा पायजे म्हनून न्हाई दिलं. सांगून ठिवते.”

“आगं, मला कळतंय.”

“आन् कुनाला बोलू नका.”

“कुनाला बोलायचंय?”

दोघं तसेच बसून राहिले. विमल गेल्यापासून इतकी वाक्यं ते ह्या विषयावर एकमेकांशी बोलले नव्हते. सितारामला वाटलं, उठून तिच्याजवळ जावं. पण तेवढ्यात मिरवणूक दारात आली. “सिताराम! ए सिताराम! बाहीर ये!” अप्पारावची माणसं ओरडत होती. वस्तीतून कुणी नाचायला आलं नाही तर बरं दिसलं नसतं, आणि ते लक्षातही राहिलं असतं.

“जावा,” केशरबाई म्हणाली. “न्हाईतर आत येतेन.”

तो गेला. दोघांनी त्याला धरून जीपपाशी नेलं. अप्पारावनं वरून मूठभर गुलाल त्याच्या डोक्यावर टाकला, मग खाली वाकून त्याच्या तोंडाला फासला, आणि क्षणभर त्याच्या डोळ्यांत बघून हात मागे घेतला. सिताराम हलगीच्या तालावर दोन पावलं नाचला. मग मिरवणूक पुढं सरकली.

तो परत आला तेव्हा केशरबाई घंगाळात पाणी काढून परसात उभी होती. तो दगडावर उकिडवा बसला, मान खाली घातली. ती तांब्यानं पाणी ओतत राहिली. लाल पाणी दगडावरून वाहत मातीत जिरत होतं.

“गेला का?” त्यानं विचारलं.

“न्हाई आजून,” ती म्हणाली. “कानामागं लय हाय.” आणि पदराचं टोक भिजवून ती पुसायला लागली.